जुनी पॉइंट टू-टू रायफल, सहा डब्या काडतुसं आणि माझा चुकलेला प्रयोग



मागच्या लेखात 'सॅम्पल साइझ किती घ्यायचा' यावर बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की सूत्रं कळली, पण त्यांची गरज नेमकी कुठे लागते ते कळलं नाही. म्हणून या वेळी एक घडलेली गोष्ट सांगतो. यात सूत्रं थोडी आहेत आणि चुका भरपूर आहेत. बहुतेक चुका माझ्याच.

मी राहतो भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. आमच्याकडे शेतं कमी आणि गोडाऊनं जास्त. सकाळी ट्रकांच्या रांगेतून वाट काढत स्टेशन गाठायचं आणि दिवसभर संख्याशास्त्रातल्या 'प्रयोगांची आखणी' या विषयावर डोकं फोडायचं, हा माझा दिनक्रम. आमच्या आळीत एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर आर्मरर म्हणून काम केलं. आता एका नेमबाजी क्लबच्या हत्यारांची देखभाल ते परवान्यानुसार बघतात. आळीतलीच एक मुलगी एनसीसीतून त्या क्लबात जायला लागली. एअर रायफलमध्ये हात बसला, तेव्हा प्रशिक्षकांनी तिला ५० मीटर प्रोनला, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकाराला, घालायचं ठरवलं. क्लबातल्या चांगल्या रायफली सीनियर मुलांकडे होत्या. उरली होती कपाटात कित्येक वर्षं पडून असलेली एक जुनी जर्मन बनावटीची रायफल. बोल्ट अॅक्शन, एका वेळी एकच गोळी घेणारी.

काकांनी ती नीट करायला घेतली आणि मला म्हणाले, "तू आकडेमोडीत पीएचडी करतोस ना? मग ये, वही घेऊन बस."

आधी थोडी ओळख

पॉइंट टू-टू म्हणजे नळीचा व्यास साधारण ०.२२ इंच, गोळी ५.६ मिलिमीटरची. आज सगळीकडे वापरलं जाणारं 'लाँग रायफल' काडतूस १८८७ सालापासून चालत आलेलं आहे. ते रिमफायर जातीचं आहे. मोठ्या रायफलीच्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी असते. इथे तसं नाही. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी कडा असते तिच्या आतच स्फोटक लेप फिरवून बसवलेला असतो. फायरिंग पिन ती कडा चिरडते आणि गोळी सुटते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सेंटरफायरवाले काडतूस रिकामं झालं की नवी टोपी बसवतात, दारू मोजून भरतात आणि आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस स्वतः तयार करतात. रिमफायरमध्ये कडा एकदा चिरडली की ते काडतूस संपलं. म्हणजे नेमबाजाला काडतूस 'बनवता' येत नाही, फक्त 'निवडता' येतं. त्यामुळे ऑलिंपिक पातळीवरचे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जातात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस अशा कंपन्यांची ही केंद्रं आहेत. तिथे रायफल घट्ट बांधून वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट पेट्यांनी विकत घेतात.

लॉट म्हणजे काय हे भिवंडीकराला समजावून सांगायला नको. एकाच गिरणीचं, एकाच नंबरचं सूत, पण लॉट बदलला आणि चुकून एका ताग्यात मिसळला तर कापडावर पट्टा उठतो. डबीवरचं नाव तेच, किंमत तीच, तरी माल थोडा वेगळा. काडतुसांचंही तसंच. लेपाचं प्रमाण, दारूचं वजन, गोळीवरचं मेण, कडेची जाडी या सगळ्यांत लॉटगणिक बारीक फरक पडतो.

हा फरक कागदावर किती दिसतो? साधा हिशोब करू. लक्ष्यवेधी काडतुसाची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, निघते. ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने १२-१३ सेंटिमीटर खाली येते. हे खाली येणं साइट लावताना जमेला धरलेलं असतं. पण समजा एका गोळीचा वेग सेकंदाला १० मीटरने, म्हणजे ३ टक्क्यांनी कमी पडला. खाली येण्याचं अंतर वेळेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ते ६ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे ७-८ मिलिमीटर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. म्हणजे मुलीने काहीही न चुकवता तिचा जवळजवळ एक गुण गेला. (नळीच्या थरथरण्यामुळे यातला थोडा फरक भरून निघू शकतो, पण तो विषय मोठा आहे.)

आपल्याकडे या खेळाला मोठी परंपरा आहे. एनसीसीतून नेमबाजीत आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. तेजस्विनी आणि स्वप्नील यांची ही दोन्ही पदकं याच छोट्या पॉइंट टू-टू काडतुसावरची.

पहिली चूक: 'आधी' मोजायचं राहून जात होतं

रायफल कपाटातून निघाली तेव्हा नळीच्या बाहेर गंजाचे ठिपके होते, कुंद्याचं लाकूड कोरडं पडलं होतं आणि बोल्टवर जुनं तेल घट्ट चिकटलं होतं. मी उत्साहात म्हटलं, "काका, आधी मस्त साफ करून टाकू."

काका म्हणाले, "थांब रे. साफ केल्यावर ती सुधारली की बिघडली, हे तुला कशावरून कळणार?"

मी गप्प. प्रयोगांच्या आखणीवर पीएचडी करणारा मुलगा बेसलाइन घ्यायला विसरला होता. आणि इथे ती चूक दुरुस्तही करता आली नसती. साफ केलेली नळी परत पूर्वीसारखी मळवता येत नाही. काही बदल उलटवता येत नाहीत, आणि त्यांच्या आधीची स्थिती एकदाच मोजायला मिळते. तुमच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र, तुमच्या गावातला गाळ काढायच्या आधीचा तलाव, नवा अभ्यासक्रम लागू व्हायच्या आधीचा वर्ग, सगळीकडे हेच.

अर्थात 'आहे तशी मारून बघू' याच्याही आधी सुरक्षा. काकांनी बोल्ट काढून नळीतून उजेड बघितला, आत काही अडकलेलं नाही याची खात्री केली आणि गेज लावून हेडस्पेस तपासली. रिमफायरमध्ये हेडस्पेस म्हणजे काडतुसाच्या कडेसाठी ठेवलेली जागा, साधारण एक मिलिमीटर. ती जास्त झाली की कडा नीट चिरडली जात नाही किंवा नळकांडं फाटू शकतं. हे काम माहितगाराचंच. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करायला आणि त्याची चाचणी घ्यायलासुद्धा परवाना लागतो. म्हणून हा लेख वाचून आजोबांची बंदूक माळ्यावरून काढून स्क्रू खोलत बसू नका. या सगळ्या कामात रायफलीला हात काकांचा होता. माझा हात फक्त वहीला.

मग रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून प्रशिक्षकांनी एकाच लॉटच्या ४० गोळ्या मारल्या. प्रत्येक भोक मी मोजलं. ती आमची बेसलाइन.

दुसरी चूक: तीन बदल एकदम

मग दुरुस्ती सुरू झाली. कुठल्या गोष्टी अचूकतेवर परिणाम करतात ते काकांनी एकेक दाखवलं.

नळीचं तोंड: गोळी शेवटचा स्पर्श करते ती हीच जागा. इथे कडेला खरचटलं असेल तर मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. म्हणूनच साफसफाईचा रॉड तोंडाकडून न घालता बोल्ट काढून मागच्या बाजूने घालायचा, तोही मार्गदर्शक नळी लावून.

चेंबरच्या पुढची जागा: इथे जळलेल्या दारूचा आणि शिशाचा कडक थर साचतो. वर्षानुवर्षं साचून तो कड्यासारखा होतो आणि बोल्ट बंद करताना जोर लागतो. नुसत्या चिंधीने तो निघत नाही. द्रावण लावून थांबायचं, मग ब्रश, मग परत चिंधी.

चेंबरची कडा: रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत राहिलं तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि खड्डा पाडते. आमच्या रायफलीत सुदैवाने तो नव्हता.

नळीचा आतला गंज: साधारण १९३० च्या आधीच्या काडतुसांच्या लेपात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढून नळी खातो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिपाई नळीतून आधी उकळतं पाणी ओतायचे आणि मग तेल लावायचे. आमची रायफल त्या काळानंतरची होती, त्यामुळे आतून बरी होती. बाहेर गंज आला तो आपल्या पावसाळी दमट हवेमुळे. काकांनी तो तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने उतरवला. मूळ काळा मुलामा शक्य तेवढा राखला. कुंद्याला जवसाचं तेल पातळ हाताने, दिवसाआड, चार-पाच वेळा लावलं.

कुंदा आणि अॅक्शन जोडणारे स्क्रू: ते सैल असतील तर प्रत्येक गोळीनंतर लोखंड लाकडात जरासं सरकतं. म्हणून ते टॉर्क रेंचने दर वेळी सारख्याच जोराने आवळायचे.

आता माझी चूक. काकांनी नळी साफ केली त्याच दिवशी माझ्या आग्रहाने स्क्रूही आवळले, आणि त्याच दिवशी रेंजवर नव्या लॉटची काडतुसं वापरली. ग्रुपिंग स्पष्ट सुधारलं. मी खूश. प्रशिक्षकांनी साधा प्रश्न विचारला, "कशामुळे सुधारलं?"

मला उत्तर देता येईना. नळी, स्क्रू की काडतूस? की दोघांचा मिळून काही परिणाम? आता नळी तर मागे नेता येणार नव्हती. पण स्क्रू परत पूर्वीइतके सैल करता येत होते आणि जुना लॉट थोडा शिल्लक होता. म्हणून दोन गोष्टींच्या चार जोड्या केल्या: सैल आणि जुना, सैल आणि नवा, घट्ट आणि जुना, घट्ट आणि नवा. चारही मारून बघितल्या. पुस्तकात याला टू बाय टू फॅक्टोरियल म्हणतात. 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हा नियम आपण शाळेपासून ऐकतो. त्याच्यापेक्षा ही मांडणी चांगली, कारण प्रत्येक गोळी दोन्ही प्रश्नांसाठी कामी येते आणि दोन बदल एकमेकांवर परिणाम करतात का तेही दिसतं. आमच्याकडे सुधारणेचा मोठा वाटा स्क्रूंचा निघाला. मी श्रेय देत होतो महागड्या काडतुसांना.

तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक: पाच गोळ्यांचा निकाल

आता खरा प्रश्न होता पैशांचा. स्पर्धेसाठी काडतुसं मुलीच्या घरच्यांना घ्यावी लागणार होती. वडील गोडाऊनमध्ये सुपरवायझर. महागडं काडतूस आणि मधल्या दर्जाचं काडतूस यांच्या किमतीतला फरक त्यांच्यासाठी लहान नव्हता. प्रशिक्षकांनी वेगवेगळ्या सहा लॉटच्या एकेक डब्या मिळवल्या. मी प्रत्येक लॉटच्या पाच गोळ्या मारायला सांगितल्या, सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं आणि निकाल जाहीर केला: तिसरी डबी! नेमकी ती महागातली. मुलीच्या वडिलांनी मान डोलावली आणि पैशांची जुळवाजुळव सुरू केली.

रात्री झोप लागेना म्हणून लॅपटॉप उघडला. विचार केला, समजा सहाच्या सहा डब्या तंतोतंत सारख्या असत्या, तर मला काय दिसलं असतं? पायथनमध्ये दहा-बारा ओळींचं काम आहे, तुम्हीही करून बघा. गोळ्या मध्यबिंदूभोवती आडव्या आणि उभ्या दिशेने नॉर्मल वितरणाने पडतात असं धरा. पसाऱ्याचं माप, म्हणजे सिग्मा, ४ मिलिमीटर घ्या. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा विस्तार सरासरी ३.०७ सिग्मा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास येतो. पण ही सरासरी झाली. एकेक ग्रुप तिच्या आजूबाजूला सहज पाव हिश्शाने कमीजास्त होतो. आता अगदी सारख्या आठ डब्या घ्या, प्रत्येकीचा एकच ग्रुप मारा. सगळ्यात लहान ग्रुप ८ मिलिमीटरच्या आसपास आणि सगळ्यात मोठा १७ च्या आसपास येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे माल एकच, तरी एक डबी दुसरीपेक्षा दुपटीने 'चांगली' वाटते!

आठच्या ऐवजी सहा डब्या घेतल्या तरी चित्र तेच राहतं. मी जिला जिंकवलं ती डबी कदाचित फक्त नशीबवान होती. दुसऱ्या दिवशी तेच सहा लॉट परत मारले. आदल्या दिवशीची विजेती पाचव्या नंबरवर आली.

मी मुलीच्या वडिलांकडे गेलो आणि सांगितलं, "काका, कालचं माझं सांगणं मागे घेतो. अजून पैसे भरू नका." ते वाक्य बोलायला मला फार जड गेलं. पण रिसर्च करायला निघालेल्या प्रत्येकाने ते वाक्य बोलायची तयारी ठेवावी, असं मला आता वाटतं.

यात दोन धडे आहेत. पहिला: अनेकांतून सगळ्यात चांगला निवडला की त्याचा आकडा हमखास फुगलेला असतो. ज्या डेटावरून निवडलं त्याच डेटावरून कौतुक करायचं नाही, कौतुकासाठी नवा डेटा घ्यायचा. दुसरा: दूरच्या दोन भोकांचं माप पाचांपैकी फक्त दोन गोळ्या वापरतं आणि बाकी तिघींची माहिती वाया घालवतं. शिवाय गोळ्या वाढवल्या की ते आपोआप वाढतं. दहा गोळ्यांना सरासरी ३.८ सिग्मा येतं, म्हणून पाचचा ग्रुप आणि दहाचा ग्रुप यांची तुलनाच करता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक भोकाचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्यांची सरासरी काढा. याला मीन रेडियस म्हणतात. यात प्रत्येक गोळीचं म्हणणं ऐकलं जातं.

मग किती गोळ्या?

दोन लॉटची तुलना करायची असेल तर अंदाजे हिशोब असा: प्रत्येक लॉटच्या ४० गोळ्या मारल्या तर पसाऱ्यातला २५ टक्क्यांचा फरक जेमतेम ओळखता येतो. १० टक्क्यांचा फरक ओळखायला प्रत्येकी २०० गोळ्या लागतात. फरक जितका बारीक, तितका खर्च वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून प्रयोगाच्या आधी विचारायचा प्रश्न 'फरक आहे का' हा नाही. 'किती फरक असला तर माझा निर्णय बदलेल' हा आहे. आम्ही ठरवलं, २०-२५ टक्क्यांपेक्षा कमी फरकासाठी महाग काडतूस घ्यायचं नाही. मग प्रत्येकी ४०-५० गोळ्या पुरतात.

दोन दिवसांच्या मापांवरून उघड वाईट दिसणारे लॉट बाजूला केले. दोन उरले. एक महाग, एक मधल्या दर्जाचा. त्यांची अंतिम चाचणी अशी आखली:

१. सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन्ही लॉटच्या आठ-आठ गोळ्या. सकाळचा गारवा, दुपारचा वारा, मारणाऱ्याचा थकवा, जे काही असेल ते दोघांना सारखंच भोगावं लागेल.

२. कुठला लॉट आधी, हे प्रत्येक फेरीत नाणं उडवून.

३. लॉट बदलला की आधी दहा गोळ्या हिशोबात न धरता मारायच्या. प्रत्येक काडतुसाचं मेण वेगळं असतं, आणि नळीत आधीच्या मेणाचा थर असेपर्यंत नवा लॉट आपलं खरं रूप दाखवत नाही. औषधांच्या चाचणीत एका औषधाचा असर उतरेपर्यंत थांबतात, तसंच हे.

४. मारणाऱ्याला लॉट माहीत नाही. काका ट्रेमध्ये काडतुसं लावून देणार, ट्रेवर फक्त आकडा. मापं घेताना मलाही लॉट माहीत नाही.

५. 'ही गोळी माझ्याच चुकीने गेली' असं म्हणायचं असेल तर भोक बघायच्या आधी म्हणायचं. नंतर म्हटलेलं चालणार नाही.

६. निकालाचा नियम आधीच वहीत लिहून, तिघांच्या सह्या करून.

शेवटची दोन कलमं सगळ्यात महत्त्वाची. भोक बघितल्यावर कारणं शोधणं फार सोपं असतं.

निकाल

सहा फेऱ्यांपैकी चार महागड्याने जिंकल्या, दोन मधल्याने. आता तुम्हीच सांगा, महाग काडतूस चांगलं ठरलं का?

नाणं सहा वेळा उडवून बघा. एकूण शक्यता ६४. त्यातल्या ४४ मध्ये निकाल ४-२ किंवा त्याहून एकतर्फी येतो. म्हणजे दोन्ही लॉट सारखेच असते तरी दहातल्या जवळजवळ सात वेळा इतका किंवा याहून जास्त फरक दिसलाच असता. सहाच्या सहा फेऱ्या एकाच बाजूला गेल्या असत्या, तर ती शक्यता ६४ मध्ये फक्त २. तेव्हा म्हणता आलं असतं की काहीतरी आहे. मीन रेडियसमधला फरकही आम्ही लिहून ठेवलेल्या मर्यादेच्या बराच आत होता. 'दोन्ही सारखेच आहेत' असं आम्ही सिद्ध केलं नाही, हे लक्षात ठेवा. एवढंच म्हणता येतं की फरक असलाच, तरी जास्तीचे पैसे मोजण्याइतका असल्याचा पुरावा आम्हाला मिळाला नाही.

प्रशिक्षकांनी यात आणखी एक मुद्दा घातला आणि तोच शेवटी निर्णायक ठरला. कागदावरचा पसारा दोन गोष्टींचा असतो, काडतुसाचा आणि माणसाच्या हाताचा. दोन्ही स्वतंत्र असतील तर त्यांचे वर्ग बेरजेत येतात. समजा शिकाऊ नेमबाजाच्या हाताचा पसारा ८ मिलिमीटर आहे. काडतूस ५ चं असेल तर एकूण ९.४, काडतूस ४ चं असेल तर ८.९. फायदा जेमतेम ५ टक्के. आता हाताचा पसारा ८ वरून ६ वर आणा आणि काडतूस ५ चंच ठेवा: एकूण ७.८. फायदा १७ टक्के! हात ६ वर येतो सरावाने, आणि सरावाला गोळ्या लागतात. महाग काडतुसाच्या पैशात मधल्या दर्जाच्या जास्त डब्या येतात.

जागतिक पातळीवर हात स्वतःच ४ मिलिमीटरवर आलेला असतो. तिथे ५ च्या ऐवजी ४ चं काडतूस घेतलं तर एकूण ६.४ वरून ५.७ वर येतं. त्यांना ते परवडतं आणि लागतंही. म्हणजे 'चांगलं काडतूस कोणतं' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते कोण मारतंय यावर अवलंबून आहे.

मुलीच्या वडिलांना हे मी वर्ग-वर्गमूळ न सांगता सांगितलं. "लूम जुना हलतोय तोवर भारीतलं सूत लावून कापड सुधारत नाही. आधी लूम बसवायचा." ते हसले आणि म्हणाले, "हे तुला पीएचडी करून कळलं?" पैसे मधल्या लॉटच्या जास्तीच्या डब्यांत गेले. सगळ्या डब्या एकाच लॉटच्या, एकदम घेतल्या.

ती मुलगी आता आठवड्यातून तीन दिवस रेंजवर जाते. रायफलीवर बाहेरून गंजाचे दोन-तीन फिकट डाग अजून आहेत. काकांनी ते मुद्दाम खरवडले नाहीत, कारण त्याने गोळीला काही फरक पडत नाही आणि उगाच लोखंड जातं. क्लबच्या कपाटात आता सिलिका जेलच्या पिशव्या टांगल्या आहेत. काका दर महिन्याला त्या वाळवायला उन्हात ठेवतात.

तुम्ही तुमचा पहिला प्रयोग आखत असाल तर वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा: बदल करण्याआधीचं माप घेतलं का? कुठले बदल परत उलटवता येणार नाहीत? किती फरक पडला तर माझा निर्णय बदलेल? निवडीसाठीचा डेटा आणि खात्रीसाठीचा डेटा वेगळा आहे का? आणि निकाल माझ्या मनासारखा आला नाही तर काय करायचं, हे आज लिहून ठेवलंय का?

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे आता काकांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास अजून बसलेला नाही.